काळ्या रंगात काही लपत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रिसेप्शनला नवरीने काळं नेसावं की नाही, यावर आपल्या वाचकपत्रांत जोरात चर्चा चालू आहे. शुभ-अशुभाच्या दोन्ही बाजू मांडून झाल्या. आम्ही इंदुरात साड्या नेसवणाऱ्या, ब्लाउज-लेहंगे शिवणाऱ्या आणि नवरीची तयारी करून देणाऱ्या काही जणी आहोत. या वादात एक गोष्ट कोणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र. काळा पोशाख फसतो तेव्हा बहुतेकदा तो कामामुळे फसलेला असतो. ‘काळं आहे, सगळं झाकलं जाईल’ म्हणून लोक निर्धास्त असतात आणि नेमकं याच रंगात अस्तराचा फरक, उसवून पुन्हा घातलेली शिवण, पावडरीचे कण, इस्त्रीची चमक असं सगळं उठून दिसतं.

शुभ-अशुभाचं थोडक्यात. विधींना अष्टपुत्री आणि शालू आहेतच, त्यांच्या जागी काळं आणा असं आमच्याकडे येणारी कोणतीही मुलगी म्हणत नाही. प्रश्न संध्याकाळचा असतो. आणि आपल्याकडे नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा घेण्याची रीत आहेच. मंगळसूत्राचे मणीही काळेच. परदेशी गाऊनचं उदाहरण देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की तिकडची पांढऱ्याची चाल फार जुनी नाही. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने लग्नात पांढरं सॅटिन घातलं, त्यानंतर ती पसरत गेली. त्याआधी आपल्याजवळचा उत्तम पोशाख, मग तो कुठल्याही रंगाचा असो, हीच रीत होती आणि उत्तर युरोपातल्या खेड्यांत नवऱ्या काळ्या पोशाखात उभ्या राहत. जपानातही काळ्या किमोनोतल्या नवऱ्या होत्या. अमेरिकी डिझायनर व्हेरा वांग यांनी २०१२ च्या हंगामासाठी काळे वधूगाऊन आणले तेव्हा त्याचा गाजावाजा झाला, एवढंच. घरातल्या मोठ्यांना काळं खटकत असेल तर लाल काठाची चंद्रकळा घ्या. अर्धा वाद काठच मिटवतो. पण हे बोलणं खरेदीच्या आधी व्हावं. साडी घरी आल्यावर झालेली चर्चा ही चर्चा नसते.

आता कापड. दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली सगळे काळे सारखेच दिसतात. सीतलामाता बाजारात असा की क्लॉथ मार्केटात, कापड उचलून दारात या आणि उन्हात धरा. एक निळसर निघेल, दुसरं तांबूस, तिसरं हिरवट. कारण साधं आहे. काळा बहुतेकदा एकाच रंगाने होत नाही; गडद निळ्याच्या पायावर नारिंगी किंवा तांबडा मिसळून तो केलेला असतो आणि ते प्रमाण रंगवणाऱ्यागणिक बदलतं. दोन कापडं ट्यूबलाइटखाली जुळतात आणि पिवळ्या दिव्याखाली वेगळी होतात तीही यामुळेच. मॅरेज गार्डनमधले, म्हणजे लग्नासाठीच्या उघड्या हिरवळीवरचे, दिवे पिवळे, स्टेजवरचे पांढरे, मागे एलईडीची भिंत असेल तर तिचा रंग सारखा बदलता. म्हणून ब्लाउज, साडी, परकर आणि अस्तर एकत्र धरून तीन उजेडांत बघा: ऊन, पांढरा दिवा, पिवळा दिवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

ब्लाउजचं कापड वेगळं घ्यायचं असेल तर आमचं स्पष्ट मत: एक तर त्याच थानाचं घ्या, नाही तर पोत पूर्ण वेगळा घ्या. रेशमी साडीवर मखमली ब्लाउज चांगला दिसतो, कारण पोत वेगळा असल्याने रंगातला फरक नजर माफ करते. रेशमावर ‘जवळपास तसंच’ रेशीम घेतलं की ब्लाउज जुना आणि साडी नवी, असं दिसतं.

रंग सुटतो का हे शिवायच्या आधी तपासा. काळ्याला रंग भरपूर लागतो आणि रंगवल्यावर नीट धुतलं नसेल तर जादा रंग कापडावरच बसून राहतो. पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा, साडीच्या आतल्या टोकावर दहा-बारा वेळा घासा. फिकट करडी छटा आली तर चालेल. रुमाल काळा झाला तर ते कापड घामाने काखेत, कमरेत आणि हिरव्या चुड्याखाली मनगटावर उतरणार, मेंदीवरही बसणार. लाल काठाच्या साडीत काठाजवळची जागा वेगळी तपासा. काळा तांबड्यात उतरला की काठ कायमचा मळकट होतो. यावर मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात बुडवायचा सल्ला घरोघरी मिळतो. तयार रंगवलेल्या कापडाचा रंग अशा पाण्याने पक्का होत नाही. साडीला थेट ड्रायक्लीन, सुती अस्तराला मात्र दोन-तीन साध्या धुण्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत. त्यात अस्तर आटायचं तेही शिवायच्या आधीच आटून जातं.

ऋतूचं भान इंदुरात ठेवावंच लागतं. माघातल्या थंड रात्री उघड्या गार्डनमध्ये मखमल शोभते आणि उबही देते. वैशाखात, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना, मखमल आणि चार थरांचा कॅनकॅन (घेर फुगवणारं ताठ जाळीचं अस्तर) ही शिक्षा आहे. तेव्हा महेश्वरी बघा. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा, अंगाला हलकी, आणि बुगडी किनारीची असेल तर काठ दोन्ही बाजूंनी सारखा. पदर उलटला तरी बिघडत नाही. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटरवर आहे, वेळ असेल तर विणकराकडून अंग काळं आणि काठ गडद तांबडा असं सांगून विणून घेता येतं. चंदेरीही सुंदर, पण ती पारदर्शक. काळ्या चंदेरीखाली दुसऱ्या छटेचा परकर आला की साडी करडी दिसते. तिचा परकर ऐनवेळी विकत आणू नका, छटा जुळवून शिवून घ्या. लांबी साडीपेक्षा एक इंच वर आणि नाडी काळी. पांढरी नाडी बसल्या-उठल्यावर कमरेपाशी डोकावते आणि नेमकी फोटोत येते.

शिवणकामातल्या काही गोष्टी इतर रंगांत चालून जातात, काळ्यात नाही. मखमलीला लव, म्हणजे एका दिशेने झुकलेले मऊ तंतू, असते. लव वरच्या दिशेने ठेवली तर काळा खोल दिसतो, खालच्या दिशेने ठेवली तर चमकतो. बारा कळ्यांच्या घेरात एक कळी उलटी बसली तर तेवढीच पट्टी वेगळ्या रंगाची वाटते आणि मग सगळं उसवण्यावाचून इलाज नसतो. कापड वाचवण्यासाठी कळ्या आलटून-पालटून कापायची सवय असते, ती इथे सोडायची. त्यासाठी अर्धा ते एक मीटर कापड जास्त धरा. सॅटिन आणि तलम रेशमात उसवलेल्या शिवणीची भोकं राहतात आणि मागून उजेड आला की बारीक ठिपक्यांसारखी दिसतात. म्हणून पहिलं माप पांढऱ्या मांजरपाटावर कच्चं शिवून बघावं, मगच काळ्याला कात्री लावावी. सुई नवी, ११ नंबरची. खुणेला मेणाचा खडू नको. इस्त्री फिरली की मेण वितळून तेलकट डाग बसतो. साध्या मातीच्या खडूने किंवा कोरड्या साबणाच्या कपचीने उलट बाजूला खूण करा. हुक, काजाच्या जागी लावतात ते आय, चेन हे सगळं काळ्या मुलाम्याचं मागा. पाठीवर रुपेरी हुकांची रांग लांबून मोजता येते.

लेहंग्याचा कॅनकॅन पांढरा लावला तर चालताना खालच्या कडेला पांढरी रेघ उडते. शिंपी पांढराच लावतात, कारण तोच हाताशी असतो. काळा सांगून घ्या. घेराची लांबी ठरवताना त्या दिवशीच्याच चपला पायात हव्यात, आणि खालची कड जमिनीपासून साधारण अर्धा ते पाऊण इंच वर. गार्डनमधल्या हिरवळीवरची धूळ काळ्या घेरावर करड्या पट्ट्यासारखी चढते आणि त्याच घेराने स्टेजवर जायचं असतं. साडीला फॉल लावताना अंगावर काळा दोरा आणि जरीच्या काठावर आलं की सोनेरी दोरा, हे शिवणाऱ्याला सांगावं लागतं. नाही तर सबंध काठावर काळ्या टाक्यांची माळ दिसते. फॉल रात्रभर भिजवून, वाळवून, मगच लावायचा.

इस्त्री नेहमी उलट बाजूने आणि मलमलच्या कपड्यावरून. पॉलिएस्टरवर सरळ बाजूने गरम इस्त्री टेकली की तिथे कायमची चमक येते. तो डाग नव्हे, धागेच चपटे झालेले असतात, ते पुन्हा उभे राहत नाहीत. मखमलीवर इस्त्री टेकवायचीच नाही. टांगून वाफ द्यायची, नाही तर मखमलीचाच दुसरा तुकडा लव वर करून खाली अंथरायचा आणि त्यावर उलटी ठेवून हलकी वाफ.

दागिन्यांत सोनं कुठे बसतं आणि किती, एवढाच प्रश्न असतो. काळ्यावर पिवळं सोनं इतकं ठळक दिसतं की थोडंही पुष्कळ होतं. साडीला तीन-चार इंचांचा जरीचा काठ आणि भरलेला पदर असेल तर गळ्यात ठुशी किंवा चिंचपेटी आणि एखादी मोहनमाळ बास. अंग साधं असेल तर कोल्हापुरी साज, बाजूबंद, तोडे येऊ द्या. प्लास्टिकची झगझगीत जर काळ्यावर पितळेसारखी दिसते, खऱ्या सोन्याशेजारी तर फारच. मंदावलेली, जुन्या सोन्याच्या रंगाची जर निवडा. मोती काळ्याइतके दुसऱ्या कशावरही खुलत नाहीत. तन्मणी, मोत्याची नथ, कुड्या हा जोड आमचा आवडता. ऑक्सिडाइज्ड चांदीची सध्या हौस आहे. हळदी-मेंदीच्या दिवशी छान दिसते. रिसेप्शनच्या पिवळ्या उजेडात काळ्या साडीवर ती राखाडी आणि विझलेली वाटते, निदान आम्हाला तरी.

काळ्यावर काळी आरी किंवा कटदाण्याचं काम फार देखणं असतं, पण ते बाजूने उजेड आला तरच दिसतं आणि वीस फुटांवरून काहीच कळत नाही. गळा आणि बाही, जिथे माणसं जवळून भेटतात, तिथेच ते करा. सगळ्या घेरावर केलंत तर पैसे आणि वजन दोन्ही वाया.

आणि मंगळसूत्र! काळ्या ब्लाउजवर लांब मंगळसूत्राचे काळे मणी नाहीसे होतात. दोन वाट्या नुसत्या अधांतरी लटकल्यासारख्या दिसतात. नव्या नवरीचं मंगळसूत्र दिसत नाही म्हणून मग कोणीतरी मावशी ते सारखं ओढून वर घेत असते. त्या संध्याकाळपुरतं सोळा ते अठरा इंचांचं आखूड मंगळसूत्र घालावं आणि गळा इतका ठेवावा की मणी त्वचेवर राहतील. लांबच घालायचं असेल तर सोन्याचे मणी गुंफलेला सर असू द्या. हे ब्लाउजचं माप देतानाच ठरतं, म्हणून शिंप्याकडे जाताना मंगळसूत्र घालून जायचं.

नवरदेवाचा काळा सूट आणि नवरीचं काळं, ही जोडी मोबाइलवर पाहिलेल्या फोटोंत भारी वाटते. आपल्या स्टेजवर तिचं काय होतं ते बघा. नवरी नवऱ्याच्या डावीकडे उभी राहते, म्हणजे तिची उजवी बाजू त्याच्याकडे. पदर मात्र तिच्या डाव्या खांद्यावर. म्हणजे काठ-पदराचं सगळं वैभव पलीकडच्या बाजूला आणि जिथे दोघं जवळ उभे आहेत तिथे काळ्याला काळं चिकटलेलं. फोटोत दोन डोकी आणि एक काळा ठोकळा. उपाय दोन आहेत. त्याला मोतिया, हस्तिदंती किंवा मरून शेरवानी द्या. सूटच हवा असेल तर तिच्या उजव्या बाहीला दोन इंचांचा लाल किंवा जरीचा काठ आणि त्याच्या खांद्यावर फिकट उपरणं. त्याने दोघांमध्ये एक रेघ उमटते, तेवढी पुरते.

फोटोग्राफरशी आधी बोलून ठेवा. चौकटीत काळं जास्त असलं की कॅमेरा दृश्य अंधारं समजून उजेड वाढवतो. साडी करडी होते आणि चेहरा पांढराफटक. कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड (एक्स्पोजर) दोन-तृतीयांश ते एक स्टॉप, म्हणजे त्याच्या मापाची एक पायरी, कमी ठेवावा लागतो, ते जाणकाराला माहीत असतं, पण सहाशे पाहुण्यांच्या रांगेत विसरलं जातं. मागच्या बाजूला एक दिवा मागा, नवरीच्या डोक्यामागून खांद्यावर पडेल असा. तो नसेल तर काळे केस, काळा ब्लाउज आणि गडद पडदा एकमेकांत मिसळतात. पडदा गडद नकोच. काही कृत्रिम काळी कापडं फ्लॅशखाली तपकिरी किंवा जांभळट येतात. खरेदीच्या वेळी मोबाइलच्या फ्लॅशने एक फोटो काढला की लगेच कळतं.

तयारीचा क्रम नेहमीच्या उलट लागतो. केस आणि मेकअप पूर्ण, पावडर बसलेली, मगच काळं अंगाला लावायचं, आणि ब्लाउज हुकांचा हवा, डोक्यातून घालायचा नको. मान, कान आणि गळ्यापर्यंतचा रंग चेहऱ्याशी जुळवा; काळ्याच्या कडेला फिकट-गडद सीमा फार दिसते. टाल्कम पावडर त्या खोलीत नकोच. काखेला लावायचं काही असेल तर ते पूर्ण वाळू द्या, नाही तर पांढरे फराटे येतात. गजरा पाणी मारलेला असतो, तो दहा मिनिटं टॉवेलवर ठेवून मगच माळा. रेशमावर पाण्याचा थेंब पडला की त्याची वर्तुळं उमटतात. पिना काळ्या, आणि पदराच्या पिनेखाली त्याच कापडाचा लहान तुकडा, म्हणजे वजनाने भोक वाढत नाही. सोबत एक चिकटपट्टीचा रोलर ठेवा. उपरण्याचे पांढरे धागे, अक्षतांचं पीठ, लहान मुलांचे हात, सगळं काळ्यावर जमा होतं. कुंकू सांडलं तर घासू नका. कापड उलटं धरून मागून टिचकी मारा, मग चिकटपट्टी लावा. हिरवा चुडा घेताना पोपटी छटा घ्या. गडद हिरवा रात्री काळाच दिसतो.

या साऱ्यासाठी कपडे बदलायला किमान दीड तास धरा. विधी लांबले की कात्री याच वेळेला लागते.

रिसेप्शनची साडी पहिल्या संक्रांतीला पुन्हा नेसता यावी असा विचार आधीच केला तर खर्च वाचतो. म्हणूनही लेहंग्यापेक्षा आम्ही चंद्रकळेच्या बाजूने आहोत. हलव्याचे दागिने घालायचे झाले तर ते जाड कागदावर किंवा कापडी पट्टीवर चिकटवलेले घ्या. नुसता ओवलेला हलवा घामाने विरघळतो आणि साखरेचा चिकट पांढरा डाग साडीवर राहतो. तो घासायचा नाही. कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने टिपायचा, पण आतल्या टोकावर आधी बघून, कारण पाण्याचीच खूण राहणारं रेशीम असेल तर ते सरळ ड्रायक्लीनला द्यायचं.

आजीची चंद्रकळा नेसण्याची इच्छा अलीकडे बऱ्याच मुलींना असते. तिच्याबद्दल सावध करायला हवं. जुन्या काळात हिरडा-बाभळीसारख्या तुरट द्रव्यांबरोबर लोखंडाचं पाणी वापरूनही काळा रंग करत आणि ते लोखंड वर्षानुवर्षं धागा आतून कुरतडतं. अशी साडी पेटीत धडधाकट दिसते आणि निऱ्या घालताना घडीवर तडकते. आधी आतल्या टोकाचा एक धागा ओढून बघा. चटकन तुटला तर नेसू नका. मागे काळी नेट लावून तिचा पदर शेल्यासारखा नव्या साडीवर घ्या, नाही तर काठ काढून ब्लाउजच्या बाहीला लावा. धागा टिकला तरी पिन जरीच्या काठातच लावा, अंगात नाही.

समारंभानंतर साडी तशीच कपाटात जाते, हे सगळ्यात वाईट. एक रात्र वाऱ्यावर, सावलीत. ऊन नको, काळा उन्हात तांबूस होतो. मग ड्रायक्लीन आणि धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळी. मलमल बिनरंगाची हवी, पण लव सुटणारी नको. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि जर काळवंडते; अत्तर आणि डांबराच्या गोळ्याही जरीपासून लांब. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, आणि लाल काठ काळ्या अंगाला थेट टेकू नये म्हणून मध्ये मलमलची एक पट्टी ठेवा.

आपल्या स्नेहांकित,
शिवणकाम व वधूसज्जा करणाऱ्या काही जणी,
इंदूर